चासीचा तुकडा

आरटीओच्या साहेबांनी चासीवरचा चिखल फडक्याने पुसला आणि त्या लोखंडी सांगाड्यावर कोरलेला नंबर वाचायला घेतला, तेव्हा सुबराव निर्धास्त उभा होता. सत्तावीस वर्षांची पिकअप पासिंगला उभी करायची, म्हणून जुन्या पिकअपवाल्यांच्या ग्रुपमधले चौघे आठ रविवार त्याच्या दारात राबले होते. त्यांच्यात रीतच होती, ज्याची गाडी कायमची बसेल त्याने धड राहिलेले पार्ट बाकीच्यांना द्यायचे. सुबरावची चासी पुढून पार गंजली होती. चौघांपैकी नबीलालने परसात सडत पडलेल्या आपल्या गाडीचा तेवढा तुकडा कापून आणला, वेल्डिंगही स्वतःच केलं.

साहेब पाचव्या आकड्यावर अडखळले. पुढचे आकडे मागून नबीलालने तोंडपाठ म्हटले आणि म्हणता म्हणताच त्याचा चेहरा उतरला.

"हा नंबर दुसऱ्याच गाडीचा आहे," साहेबांनी कागद पुढे धरला. "ह्या कागदावरची गाडी कुठंय?"

तिचा नंबर त्या गंजक्या तुकड्यावर होता. तो तुकडा सुबरावने स्वतःच्या हाताने भंगारवाल्याच्या गाड्यावर टाकला होता. एव्हाना वितळलाही असेल.

"माझंच चुकलं रं, सुबा," नबीलाल म्हणाला.

"पाच जण होतो की आपण," सुबराव म्हणाला. "एकालाबी सुचू नये?"

"इंजिन बंद करा," साहेब म्हणाले. "ही आता रस्त्यावर येणार नाही."

कित्येक वर्षांत इंजिन इतक्या एका सुरात चाललं नव्हतं. किल्लीकडे दोघांपैकी कुणाचाच हात जाईना.