दोन हजार पाव, बाराच्या आत

खमिराच्या पाण्यात बोट घातलं आणि भट्टीवाला ओरडलाच.

"अगं, उकळतं ओतलंस की! मेलं ना सगळं खमीर. आता पीठ फुगणार कसलं, कपाळ!"

"हात चुकला," बायको म्हणाली.

तीस वर्षं तीच खमीर कालवत होती आणि एकदाही हात चुकला नव्हता. पण भांडायला वेळ कुणाला होता? त्याने बादली मोरीत ओतली, कोमट पाणी घेतलं आणि उरलेलं खमीर स्वतः कालवलं.

पुरवठ्याचा कॅप्टन दारात घड्याळ बघत उभा होता. माणूस मोठा अदबीचा.

"काका, रणगाडे पळाले पुढे आणि आमच्या स्वयंपाकाच्या गाड्या राहिल्या दोन दिवस मागे. पोरं कालपासून नुसत्या बिस्किटांवर आहेत. बाराच्या आत दोन हजार पाव पुलापाशी पोचले, तर आजच पुढे सरकता येईल. नाही पोचले, तर सगळा फौजफाटा उद्यापर्यंत जागचा हलत नाही. डिझेल आहे, तोफगोळे आहेत. गाडं अडलंय ते पोटापाशी."

"पोचतील," भट्टीवाला म्हणाला.

मळायला चार सैनिक ठेवून कॅप्टन ट्रक लावून घ्यायला गेला. बायको जवळ सरकली.

"अहो, आपला पोरगा पुलापाशीच आहे."

"मला सांगतेस?"

मुलाचं शेवटचं पत्र तिथूनच आलं होतं. बाबा, आम्ही पुलापाशी ठाण मांडून आहोत, पोटाचे तेवढे हाल चाललेत, असं त्यात लिहिलं होतं.

"मग?"

"मग काय? हात चालव जरा. गोगलगाय झालीयेस आज अगदी."

ती गोळे वळत राहिली, पण सावकाश. तिच्या वाटचे निम्मे त्यानेच वळले.

पहिली भट्टी उघडली तशी शेजारची म्हातारी दारात आली. आठ दिवसांत गावात कुणाच्या घरी पाव आला नव्हता. तरी तिने मागितला नाही.

"वास छान सुटलाय हो," एवढंच म्हणाली आणि त्याच्याकडे बघत राहिली.

भट्टीवाल्याची मान खाली गेली. पीठ सैन्याचं, पाव मोजून द्यायचे, त्यातला एक तरी तिला कसा द्यायचा? लाजेने त्याचे कान तापले. म्हातारी गेली तरी तापलेलेच होते. पण हात काही थांबेनात. भट्टी जरा कमी तापली, की ते आपोआप लाकडं सारायचे. वाईट पाव करणं त्याला येतच नव्हतं, मेलं!

पावणेबाराला शेवटची पाटी ट्रकमध्ये चढली. कॅप्टनने एक गरम पाव मोडला आणि खाता खाता डोळे मिटले.

"काका, कमाल केलीत! अख्खा दिवस वाचवलात आमचा."

भट्टीवाल्याला बरं वाटलं. आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचीच इतकी शरम वाटली, की पुसलेले हात त्याने पुन्हा पुसले.

"मुलंबाळं काय तुम्हाला?"

"एक मुलगा."

"दिसला नाही कुठे."

बायकोने मान वर केली.

"तो... परगावी असतो," भट्टीवाला म्हणाला. "बेकरीतच आहे कामाला. लढाईबिढाई त्याला नाही जमायची."

कॅप्टन हसला, हात मिळवून ट्रकमध्ये चढला. ट्रक पुलाच्या रस्त्याला लागले. धूळ खाली बसेपर्यंत दोघं नुसती उभी होती.

"परगावी?" बायको म्हणाली. "सांगायचं होतंत की खरं. पुलाच्या पलीकडच्या काठावर ह्यांचीच वाट अडवून बसलाय म्हणून."