साडेतीन इंच

मेस्त्रींनी गाडीला हात लावण्याआधी तिच्याभोवती दोन चकरा मारल्या. बॉनेटवर, छतावर, काचांवर धुळीचा सारखा थर होता. चालकाच्या बाजूचं दार जाम झालेलं. तेल सोडून, खांदा लावून ते उघडावं लागलं. पलीकडचं, शेजारच्या सीटचं दार मात्र एका बोटाने उघडलं. आत ती सीट स्वच्छ पुसलेली होती.

"हे दार रोज उघडता का?"

"हवा खेळती राहावी म्हणून," काकू म्हणाल्या.

मेस्त्रींनी वहीत काही लिहिलं नाही.

गाडी काकांची. काका जाऊन दोन वर्षं झाली होती. पुतण्याला ती लहानपणापासून हवी होती. पण काकूला फसवलं असं उद्या कुणी म्हणायला नको, आणि काकूने भिडेपोटी गाडी फुकटात दिली असंही नको, म्हणून त्याने हा तिऱ्हाईत माणूस आणला होता.

"मेस्त्री सांगतील तो आकडा," तो म्हणाला. "कमी वाटला तर आत्ताच भांड. नंतर ऐकून घेणार नाही."

"भांडायला तुझा काका लागतो. मला एकटीला जमत नाही."

मेस्त्रींची रीत ठरलेली होती. अशा वयाच्या चांगल्या गाडीला बाजारात जे येतं तो आकडा पानाच्या वर, आणि मूळचं जे राहिलेलं नाही त्याची खाली वजावट. प्रत्येक वजावट ते मोठ्याने सांगत.

"सहा लाखांपासून धरतो. रंग मूळचा. काचा मूळच्या. वायरिंग सगळं नवं घातलंय, पंचवीस हजार वजा. पुढचा मडगार्ड ठोकून सरळ केलाय, पंधरा हजार वजा."

"फाटकाला घासली होती," काकू म्हणाल्या. "ह्यांनी आठ दिवस फाटकाला शिव्या घातल्या."

मेस्त्री टॉर्च घेऊन त्या पुसलेल्या सीटखाली वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले.

"इथे तळाच्या पत्र्याला आठ भोकं पाडलीयत. खाली लोखंडी चौकट घालून सीट चार इंच उचललीय. अशा गाडीत हा मोठा दोष. चाळीस हजार वजा."

"साडेतीन इंच," काकू म्हणाल्या. "चार केली तर अंबाडा छताला लागत होता. दोनदा बसवून बघितली."

"पण कशासाठी?" पुतण्याने विचारलं.

काकू दाराला टेकून उभ्या होत्या. गाडीचं छप्पर त्यांच्या डोक्याच्या बरोबरीला येत होतं.

"बाहेरून मी कुणाला दिसायचेच नाही रे. सिग्नलला लोक ह्यांच्याकडे टकामका बघायचे. एक दिवस हे म्हणाले, तू जरा वर ये बाई. मी एकटाच बडबडत जातोय असं वाटतंय सगळ्यांना."

मेस्त्री हसले. पुतण्याही हसला, मग म्हणाला, "मेस्त्री, हे चाळीस कापू नका."

"का? पत्रा बदलणार नाही?"

पुतण्याला पत्रा बदलायचाच होता. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात गाडी न्यायची तर सगळं मूळचं लागतं. तशी मूळची सीटही त्याने सहा महिन्यांपूर्वीच शोधून, कागदात गुंडाळून ठेवली होती.

"कापा," काकू म्हणाल्या. "रास्त ते रास्त."

पाच लाख वीस हजार. काकूंनी आकडा वाचला, मान हलवली. पुतण्याने चेक लिहिला. चेकची घडी करता करता काकूंनी विचारलं, "ही सीट काढलीस की कुठे जाईल?"

"भंगा..." तो थांबला. "ठेवीन कुठेतरी."

"इथेच ठेव. मेस्त्री, तिचे आणखी किती कापायचे?"

"सुट्या सीटला भाव नसतो, काकू."

"मग मला परवडेल."

आठ बोल्ट निघायला अर्धा तास लागला. नवी बॅटरी जोडल्यावर गाडी तिसऱ्या प्रयत्नाला सुरू झाली. चाकांच्या विटा बाजूला करून पुतण्याने ती हळूहळू मागे घेतली आणि गल्लीत नेली.

गॅरेज एकदम मोठं वाटू लागलं. फरशीवर चार चाकांच्या काळ्या खुणा उरल्या होत्या, आणि त्यांच्या पुढच्या टोकाला तेलाचा एक डाग. मेस्त्रींनी चौकटीसकट सीट उचलली.

"मधोमध ठेवू?"

"मधोमध नको."

मेस्त्रींनी काकूंकडे पाहिलं, मग फरशीकडे. डागापासून पावलं मोजत ते मागे आले, चाकांच्या खुणांच्या आत शिरले, आणि सीट एका अंगाला ठेवली. दुसऱ्या अंगाला तेवढीच जागा मोकळी राहिली. मग चाकांच्या चार विटा आणून त्यांनी चौकटीच्या चार पायांखाली सारल्या.

"बसून बघा. हलते का?"

काकू बसल्या. समोर गॅरेजची भिंत होती. त्यांनी पदर सारखा केला, हात मांडीवर ठेवले.

बाहेर हॉर्न वाजला, दोनदा.

काकू तटकन उठल्या. चपलेत पाय घातला. मग पाय बाहेर काढला आणि परत बसल्या.

"मेस्त्री," त्या म्हणाल्या, "तुम्हाला बोलावतोय."