मागची काच

नांदेडच्या शोरूमनं सर्व्हिसिंग करताना लुंबिनीच्या गाडीची मागची काच फोडली. मग नवीन बसवली आणि वरून रेडियमची अक्षरंही चिकटवली, ‘आई-वडिलांची पुण्याई’. “पहिल्या काचेवर ‘लेकीची कमाई’ होतं,” ती म्हणाली. मॅनेजर हसला. “मॅडम, सगळ्यांच्या गाडीवर हेच असतं. जुनं पाहिजे तर दहा मिनिटांत कापून लावतो.” जुनी अक्षरं तिच्या वडिलांनी ब्रशनं काढली होती. मुखेडच्या बाजारातल्या निम्म्या पाट्या त्यांच्याच हातच्या. नंतर लकवा मारला आणि उजवा हात गेला. आता ते गाडीला टेकून उभे होते. “काका, पुण्याई तुमचीच हाय ना? राहू द्या की,” मॅनेजर म्हणाला. डाव्या हाताच्या नखानं वडील रेडियम खरडू लागले. काच स्वच्छ झाल्यावर म्हणाले, “लुंबिनी, ब्रश आन.” “कोणत्या हातानं लिहिणार, काका?” मॅनेजरनं विचारलं. “जो राहिलाय त्यानं.”