सासूबाई रुसल्या

"बाबा, सासूबाई आजही रुसल्यात," रेडिओतून सहवैमानिक लेकीचा आवाज आला. "धुकं आहे, पण उतरतोय आम्ही. चहा टाका."

विमानदुरुस्तीच्या हँगरात तिच्या बापाशेजारचे साहेब खो खो हसले. सासूबाई म्हणजे वैमानिकांसमोरचा एक हिरवा दिवा. डाव्या पंखाखालचं चाक उतरून पक्कं बसलं की तो पेटायला हवा. पण गेला महिनाभर तो मनाला येईल तेव्हा पेटायचा आणि चाक मात्र दर वेळी बिनबोभाट उतरायचं. पहिल्यांदा सगळे घाबरले, मग सवय झाली. आता वैमानिक काचेवर टिचकी मारायचे, "रुसल्या" म्हणायचे आणि खुशाल उतरायचे. माणसाला कशाचीही सवय होते, आणि तीच वाईट.

लेकीचा बाप त्याच हँगरात फिटर. तो हसला नाही. त्याने हातातला पाना टेबलावर ठेवला.

"साहेब, तो दिवा मी आज सकाळी बदललाय. वायरीसकट."

"अरे, मग बोलला का नाहीस?"

"म्हटलं, उतरली की चिडवीन तिला. तुझ्या सासूबाई सुधारल्या म्हणून."

साहेब ताडकन उठले. त्यांनी विमानतळाच्या कंट्रोल टॉवरला फोन लावला. फिटरने रेडिओचं बटण दाबलं.

"बाळा, उतरू नका. चाक बसलेलं नाही. वर जा!"

पण लेकीपर्यंत ते पोचलं नाही. जमीन जवळ आली की वैमानिकांनी हँगरशी बोलायचा रेडिओ बंद करायचा आणि फक्त टॉवरचं ऐकायचं, असा नियम. लेक नियमाची पक्की होती.

टॉवरवाल्याने फोन उचलला. "त्यांना वर पाठवा, ते डावं चाक..." साहेब ओरडले.

"सासूबाई ना? कळवलंय वैमानिकांनी," पलीकडचा हसत म्हणाला.

"अहो, हसताय काय! वर पाठवा!"

धुक्यातून इंजिनांची घरघर ऐकू आली. वर जाणाऱ्या विमानाचा आवाज चढत जातो. हा उतरत गेला. मग पत्रा फरफटल्यासारखा कर्कश, लांबलचक आवाज, आणि पाठोपाठ धमाका. खिडक्यांच्या काचा थरथरल्या.

साहेब फोन कानाशी धरून उभेच राहिले. फिटरने बटण अजून सोडलं नव्हतं.

"ऐक ना गं," तो हळू आवाजात समजावत होता, "दिवा नवा आहे."