मानेवरचा पांढरा पट्टा

"अर्लीन, सांग बघू, ही तीच अस्वलीण का?" ऑर्व्हिलनं विचारलं.

रस्त्याकडेला सातआठ माणसं दुर्बिणी लावून उभी होती. सगळी अर्लीनकडे वळली. लामारच्या खोऱ्यातलं अस्वल ओळखावं ते अर्लीननंच, हा एकोणीस वर्षांचा शिरस्ता होता. समोर गवतात बायसनचा कळप चरत होता. अस्वलीण त्याच्या पल्याड, टेकडीच्या पायथ्याशी होती म्हणे.

अर्लीननं तिपाईवरच्या आपल्या लांब दुर्बिणीला डोळा लावला. मधोमध काळं. हिवाळ्यापासून जिकडे बघावं तिकडे मधोमध काळंच होतं. डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केली होती. तिनं कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. गाडी गेली की हे खोरंही गेलं. रोज पहाटे ऑर्व्हिलच्या ट्रकचे मागचे लाल दिवे धरून ती इथवर येई. तोही हल्ली गोगलगायीसारखा चालवायचा, म्हणून निभत होतं. एखाद्याच्या अंगावर गाडी गेली तर, या विचारानं तिला स्वतःची शरम वाटे. तरी पहाटे किल्ली हातात येईच.

"तीच," ती ठसक्यात म्हणाली. "मानेवर पांढरा पट्टा. मागे दोन पिल्लं."

"बघू." ऑर्व्हिल पुढे सरकला.

तिनं दुर्बिणीवर हात ठेवला. "तू काय बघणार? दगडाला अस्वल समजून तासभर फोटो काढणारा तू!"

सगळे हसले. तोही हसला आणि तिच्या दुर्बिणीवर वाकला. बराच वेळ बघत राहिला.

"खरंय बाई तुझं," तो म्हणाला. "पांढरा पट्टा. दोन पिल्लं. एक जरासं लंगडतंय."

अर्लीनचा जीव भांड्यात पडला. अंधारात मारलेला दगड नेमका लागला होता. पाठोपाठ लाजही वाटली. चाळीस वर्षं शेजारी राहिलेला, इतका भोळा माणूस, आणि त्यालाच आपण बनवतो! आज परतताना सगळं सांगून टाकायचं, असं तिनं ठरवलं. काल आणि परवाही हेच ठरवलं होतं.

ओहायोहून आलेली एक तरुण बाई केव्हाची ताटकळत होती. "आजी, मी बघू?"

"माझ्या दुर्बिणीतून बघ गं," ऑर्व्हिल घाईघाईनं म्हणाला.

"का रे? इथंच बघू दे तिला," अर्लीन ऐटीत बाजूला झाली. "मस्त लागलीय."

ती बाई वाकली. पुन्हा सरळ झाली. दुर्बिणीच्या पुढच्या टोकाशी गेली आणि हळूच म्हणाली, "आजी, हिचं झाकण काढलेलंच नाहीये."