हैद्राबादेला गेलेली बाटली

सेलूहून सायकल पळवत आलेल्या दत्तरावानं वेशीतूनच ओरडून सांगितलं, "पाणी साफ हाय!"

गाव नुसतं उसळलं. विहिरीवर टाकलेल्या बाभळीच्या काट्या लोकांनी ओढून काढल्या. कुणी हलगी आणली. उन्हाळाभर कोसावरून दुधना नदीचं पाणी वाहणाऱ्या बायांना तर काय करू न् काय नको झालं. पूजेला गंगाखेडहून गंगामाईचं, म्हणजे गोदावरीचं, पाणी मागवणारी चन्नबसम्मासुद्धा उन्हाळाभर त्याच नदीच्या वाटेनं घागर घेऊन चालली होती.

काट्या टाकल्या होत्या सेलूच्या डॉक्टरच्या सांगण्यावरून. चन्नबसम्माचा दीर चन्नप्पा तळहाताच्या जखमेनं गेला. आधी हात खरखरीत झाले, मग त्यावर घट्टे आले, मग एक जखम भरेचना. हा कर्करोग, डॉक्टर म्हणाला. खडकातलं सोमल नावाचं विष पाण्यात उतरत असेल तर असं होऊ शकतं. खात्री नाही, पण बाटलीभर पाणी हैद्राबादेला तपासायला धाडू. तोवर या विहिरीचा थेंब पिऊ नका.

आता चन्नबसम्माची सून गौराबाई हिचेही हात खरखरीत व्हायला लागले होते. घरात त्यावर कुणी बोलत नसे. पण ती भाकरी वाढायला आली की सगळे तिच्या तळहाताकडे बघायचे.

चन्नबसम्माच्या नवऱ्यानं, ईश्वरअप्पानं, विहिरीचं पाणी बाटलीत भरून रात्री देवघरात ठेवलं. सकाळी चन्नबसम्मानंच बाटलीवर विभूतीचे पट्टे ओढून ती दत्तरावाच्या हाती दिली. तिच्या घरातून बाहेर जाणारी वस्तू कधी हलकी नसायची. शेजारणीला उसनं पीठ दिलं तरी मापावर शीग लावून.

पहिली घागर गौराबाईनं ओढली. ओंजळीनं ती घटाघटा प्यायली, हसली, पुन्हा वाकली. ईश्वरअप्पाचे डोळे आनंदानं भरून आले.

"कामानंच खरखरीत झाले पोरी तुझे हात," तो म्हणाला. "पी पोटभर." मग बायकोकडे वळला. "आपल्या विहिरीचं नाव ऱ्हायलं बघ."

चन्नबसम्मानं पदर सारखा केला.

"ऱ्हाणार न्हाई तर काय? सरकारापुढं गावाचं पाणी जायलंय, अन् तुमी भरलं व्हतं ते गढूळ. मी ते वतून देवघरातलं गंगामाईचं भरलं."