तापाची वेल

"ही वेल देऊन एकाही उंदराचा ताप अर्ध्या अंशानेसुद्धा उतरला नाही," परिषदेत डॉ. परचुरे सांगत होते. "आदिवासींची औषधं म्हणजे निव्वळ अंधश्रद्धा." सभागृह हसलं.

ती वेल दाखवणाऱ्या भागीबाई मुकणे पहिल्याच रांगेत होत्या. शाल द्यायची म्हणून त्यांना पाड्यावरून आणलं होतं. पडद्यावरचा वाटलेल्या पाल्याचा फोटो पाहून त्या उठल्या.

"पाला कशाला वाटला? मी तर मुळी दावली होती."

परचुऱ्यांनी आपल्या विद्यार्थिनीकडे रागाने पाहिलं. ती म्हणाली, "सर, मुळं खणण्यात वेळ जातो, पालाच आणा, असं तुम्हीच म्हणालात."

आता कुणी हसलं नाही. परचुरे घसा खाकरून म्हणाले, "बाई, उद्या गाडी पाठवतो. मुळी पुन्हा दाखवा."

"मला कशाला विचारता?" पदर खोचून निघताना भागीबाई म्हणाल्या. "उंदरांनाच विचारा."